वाकलं की फिरते

११ नोव्हेंबर

परत झालं!

सकाळी उजव्या कुशीवर वळली अन् अख्खं घर फिरलं. टिनं, बल्ब, खुंटीवरची पिशवी — सगळं गरगर गरगर. खाटेची पाटी दोन्ही हातानं धरली तरी वाटे मी खाली जाऊन राह्यली. खाली म्हणजे कुठं? खाट तर जाग्यावरच! डोळे मिटले तर अजून जोरात. मग थांबलं. एकदम थांबते, जसं काही झालंच नाही. मागून मळमळ. ओकारी झाली, नुसतं पिवळं पाणी.

पूनमचा बाप दारात उभा राहून म्हणते, "रात्री कोणती घेतली वं? मले नाही इचारलं." मी लोटा फेकून मारला. लागला नाही. फेकताना डोकं हाललं अन् परत फिरलं.

दिवाळीच्या साफसफाईत पयल्यांदा झालं होतं. फळीवरचा डबा काढाले मान वर केली अन् तिथंच मटकन बसली. वाटलं उपासानं असंन. आता उपास नाही. तरी आहे.

बोलाव कोणाशी? बोललं की अमडापूरभर. म्हणून पूनमच्या शाळेच्या उरलेल्या वहीत लिहून राह्यली. चौथी शिकलेली बाई, अक्षर कोंबडीचं. असू दे.

१४ नोव्हेंबर

गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावली. त्याच्याकडं पायात काटा मोडला तरी सलाईन लावते. म्हणे अशक्तपणा. मी अशक्त? मी! आताआतापर्यंत सोयाबीनचं भरलेलं कट्टं एकटीनं पाठीवर घेत होती.

सलाईन चालू होती तवर बरं वाटलं. वाटणारच — हाललीच नाही ना. उठली अन् भोंऽऽ.

२० नोव्हेंबर

मत देऊन आली. शाळेच्या भिंतीवर यादी उंच लावलेली. नाव पाहाले मान वर केली अन् पुढच्या बाईच्या अंगावर गेली. म्हणे, "कोणाले टाकलं वं, आत्ताच चढली?" हसले सगळे. मीही हसली. हसाव लागते.

२६ नोव्हेंबर

आज लोकाईसमोर पडली.

चक्कीवर दळण घ्याले गेली. डबा उचलाले वाकली अन् चक्कीचा पट्टा, पिठाची धूळ, बाया, सगळं एकात एक होऊन फिरलं. आडवी झाली. मले सगळं ऐकू येत होतं. सोजराबाई, आमच्या गल्लीतली बुढी, तिचाच आवाज सगळ्याईच्या वर — "फिट आली! फिट! जोडा आणा कोणी, जोडा हुंगवा!"

मी म्हटलं, "अवो माय, मी शुद्धीत हावो."

"बडबडून राह्यली, बडबडून राह्यली. आता उतरीन."

अन् कोणाची तरी चप्पल माझ्या नाकाले लावली. शेणानं भरलेली! मी चप्पल झटकली तं दोघींनी हात दाबून धरले. म्हणे फिटवाल्याले लय जोर येते. थांबलं तशी मी उठून बसली. तं सोजराबाई चारी बाजूले पाहून — "पाह्यलं? चामड्याचा वास लागला का उतरतेच."

मी तिले काय काय बोलली ते इथं लिहीत नाही.

पण आता घरी बसून भेव लागून राह्यलं. पडली त्याचं नाही. फिट हा शब्द! हा शब्द जर जळगाव जामोदले पोचला तं? पूनम तिकडं दिलेली. एकुलती एक पोर माझी. तिची सासू मनकर्णाबाई लग्नातच सांगत होती मले, त्यांच्या शेजारच्या घरच्या सुनेची गोष्ट — माहेरात फिटा होत्या, लपवल्या, कळलं तसं लेकरासकट आणून सोडली. "आम्ही बाई घराणं पाहून करतो," म्हणे. तवा मी मान डोलावली होती. तवा डोलावता येत होती.

पूनमच्या पोटात सहा महिन्याचं आहे.

पूनमच्या बापाले संध्याकाळी शपथ घातली. पूनमले सांगशान तं माझं मेलेलं तोंड पाहाशान. गप बसला. कधी नाही ते गप बसला.

२९ नोव्हेंबर

पूनमचा फोन.

"आई, कवा येतं घ्याले? सासूबाई म्हणतात पौष लागाच्या आत ओटी भरून घेऊन जा म्हणा. मग आठव्यात हालवत नाही."

"येते नं."

"आवाज असा काऊन येऊन राह्यला?"

"कसा? माझा आवाज असाच हाय जन्मापासून."

हासली. मग म्हणे, "आई, मले तुह्या हातचीच आंघोळ पाह्यजे बरं लेकराले. इथल्या बाया लय जोरानं रगडतात."

फोन ठेवला अन् भिंतीले टेकून बसली. पयलं बाळंतपण माहेरी. हे काय सांगाव लागते का कोणाले! मी लग्नातच मोठ्या तोंडानं बोलून बसली होती, पयलं माह्या हातचं. आता हे हात आहेत, पण डोकं?

३ डिसेंबर

चिखलीले हाडाच्या डॉक्टरकडं गेलो. मानेचा फोटो काढला. म्हणे मणक्यात गॅप. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्याईच्याच मणक्यात गॅप! एक बुढा मले म्हणते, "तुमचा कितव्या नंबरचा?" जसं गट नंबर इचारून राह्यला वावराचा.

गळ्याले पट्टा बांधून दिला. गोळ्या दिल्या. गोळीनं झोप येते नुसती. वाकाचं नाही, वर पाहाचं नाही, वजन उचलाचं नाही. मग मी करू काय? कापूस वेचाले वाकाव लागते. चूल पेटवाले वाकाव लागते. बाईचा जलमच वाकाचा.

पट्ट्यातून घाम येते. बैलाले जू असते तसं वाटते. बैल बरा, त्याले फिरत तं नाही.

७ डिसेंबर

सोजराबाई घरी आली. चपलीचा राग मी गिळला, कारण ती मान बसवते म्हणतात. तेल लावलं, चोळली, गोड गोड बोलली, अन् बोलता बोलता एकदम मुंडकं मुरगळलं! कट्!

चार घरं ऐकू जाईन अशी ओरडली मी. मग जे फिरलं, जे फिरलं — पाळण्यात बसवून कोणी दोर तोडला जसा. सकाळपासून दुपारपर्यंत ओकली.

ती म्हणे, "आतलं बाहेर पडून राह्यलं. चांगलंच हाय."

१० डिसेंबर

काही नाही. पडून आहे.

१३ डिसेंबर

आज मी पाहाचं ठरवलं. पूनमचा बाप वावरात गेला तसं दार लावून घेतलं.

वावरातलं गंगाफळ होतं एक, लाल भोपळा म्हणतात तेच. लेकराएवढं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं. न्हाणीत पाट मांडला, पाय लांब केले, पदर खोचला. पट्टा काढून ठेवला. गंगाफळ पायावर उपडं ठेवलं जसं लेकरू ठेवतात. डाव्या हातानं धरलं, उजव्या हातात तांब्या.

माझ्याच मनात आलं, कोणी पाह्यलं तं म्हणतीन रुखमाबाई पूर्ण गेली!

पयला तांब्या टाकला. बरं वाटलं. हाताले आठवण असते. पूनमले मी अशीच घालत होती, ती पाय झाडे अन् मी तिले शिव्या देत देत घाली. मानेच्या वळीतलं पुसाले पुढं वाकली —

भिंत उलटी झाली. मी कशाले धरलं? मी गंगाफळाले नाही धरलं! मी न्हाणीच्या दगडाले धरलं! हात आपोआप सुटले माझे. गंगाफळ पायावरून घसरलं अन् दगडावर आपटलं. फट् आवाज झाला. थांबलं तवा डोळे उघडून पाह्यलं तं दोन फाकी, आतलं लाल, बिया, अन् वरून ओलं फडकं.

तिथंच बसून राह्यली. रडू नाही आलं. नुसतं पाहात राह्यली.

पडीन म्हणून भेव नाही मले. मी पडली तं पडली, गेली तं गेली. पण माझे हात सोडतात. माझे हात स्वतःले धराले लेकरू सोडून देतात. हे मले आज समजलं.

भाजी केली त्याची. पूनमचा बाप म्हणे गोड झाली. माझ्यानं घास गिळला नाही.

१५ डिसेंबर

करून टाकलं.

पूनमचा फोन आला. पाहुणे कोण येणार, हिरवं लुगडं कोणतं घेतलं, तिचं चाललं होतं. मी मधातच तोडलं.

"पूनम, मी येत नाही घ्याले. तिकडंच कर बाळंतपण."

"काय?"

"इथं कोण करीन? कापूस फुटलेला, तूर हाय, हरभरा हाय. मले वावरातली कामं हायेत. तुह्या बापाच्यानं होत नाही काही."

"आई, तू थट्टा करून राह्यली काय?"

"मी कवा थट्टा करते? सासूले म्हणा तुमची नात-नातू हाय, तुम्ही करा."

तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मले वाटलं आता रडीन, मग मीही रडीन, मग सगळं बाहेर पडीन. म्हणून मीच फोन कापला.

लेकराचं डोकं फुटण्यापेक्षा पोरीचं मन मोडलेलं बरं. मन जुळते. असं म्हणतात. मले नाही वाटत.

१६ डिसेंबर

मनकर्णाबाईचा फोन. "विहीनबाई, ऐकलं ते खरं काय? माह्या पन्नास वर्साच्या जिंदगीत नाही ऐकलं बाप्पा, पयलटकरणीले माय नको म्हणते! कापूस एवढा पिकला काय अमडापुरात?"

"हो. लय पिकला."

"मग वेचा," म्हणे. अन् ठेवला.

पूनमचा बाप खाटेवर बसून ऐकत होता. उठून म्हणे, "मी सांगतो त्या मनकर्णाबाईले. तुह्या शपथेच्या आईचं —"

"सांगा. फिटवालीची पोर म्हणून आणून सोडली उद्या दारात, तं तुम्ही पोसा."

परत बसला. मोठा माणूस असा बसतो तवा लय लहान दिसतो.

३१ डिसेंबर

पौष लागला आज. आता काही कराचंच नाही. दार बंद झाल्यासारखं.

८ जानेवारी

मी आता मान हालवतच नाही. बसूनच झोपते, भिंतीले पाठ लावून, पट्टा बांधून. कोणी हाक मारली तं अख्खी वळते, लाकडाच्या बाहुलीवानी. चक्कर कमी झाली. अर्थातच! हाललं तं येईन ना. मेलेल्या माणसालेही येत नाही.

स्वयंपाक पूनमचा बाप करते. भाकर अशी करते की कुत्रं वास घेऊन परत जाते. तरी बोलत नाही मी. तोच इचारते, "आज बोलली नाहीस, भाकर जळली नाही काय?"

काय बोलू. चांगल्या-वाईटाची मजाच गेली.

१४ जानेवारी

संक्रांत. बायाले बोलावलंच नाही. कुंकू लावाले, पाया पडाले वाकाव लागते. शेजारची तानाबाई तरी आलीच तिळगूळ घेऊन. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणे, "आता फिट येत नाही ना?" मी म्हटलं, "येते. चावतेही मी." गेली बिचारी.

पूनमचा फोन नाही. महिना होत आला. तिच्या बापाच्या फोनवर येते, तो बाहेर जाऊन बोलते. मी इचारत नाही काय म्हणे. तो सांगत नाही.

पोरीले सातव्यात ओटी कोणी भरली असंन?

२३ जानेवारी

खामगावले गेलो. आज लय लिहाचं आहे.

बसस्टँडवर ऑटो लावते तो फारुख, त्यानं पूनमच्या बापाले सांगतलं, "काका, माझ्या अम्मीले सेम असंच होतं. करवट बदलली की दुनिया घूमे. कानाच्या डॉक्टरनं ठीक केलं." मी म्हटलं, फिरते डोकं अन् दाखवाचा कान? पण ओढतच नेलं मले. मीही आता नाही म्हणाच्या ताकदीची राह्यली नाही.

डॉक्टरीण लहानशीच पोरगी. उमैमा नाव. डोक्यावर ओढणी, बोलणं शाळेच्या बाईसारखं. मी म्हटलं ही काय करीन.

"काकू, चक्कर कधी येते?"

"डोकं हाललं की. झोपलं की, कूस बदलली की, वर पाह्यलं की, वाकलं की."

"किती वेळ राहते?"

"फोन वाजून वाजून बंद होते ना, तेवढी."

"तेव्हा ऐकू येतं? बोलता येतं?"

"सगळं येते. चपलीचा वाससुद्धा आला."

तिनं इचारलं कोणती चप्पल. पूनमच्या बापानं सांगतलं. ती आधी हासली, मग माझ्याकडं पाहून हसू बंद केलं.

गळ्यातला पट्टा तिनंच काढला. टेबलावर पाय लांब करून बसवलं, डोकं दोन्ही हातात धरून उजवीकडं वळवलं. "आता मी तुम्हाला पटकन मागे झोपवणार. चक्कर येईल. डोळे उघडे ठेवायचे. मी धरलंय." अन् धाडकन पाडलं! डोकं टेबलाच्या बाहेर लोंबकळत. वं माय! सगळं सुरू झालं. मी तिले शिव्या दिल्या. आईवरून नाही दिल्या, बाकी सगळ्या दिल्या. ती म्हणे, "द्या, द्या काकू. पण डोळे मिटू नका." अन् पूनमच्या बापाले — "काका, इकडे या. डोळे कसे झटके देतायत बघा." तो वाकून पाहात होता जसा इंजिनात पाहातो.

थांबलं तसं तिनं डोकं हळूच डावीकडं फिरवलं. धरून ठेवलं. मग अख्खी त्या कुशीवर वळवली, तोंड जमिनीकडं. धरून ठेवलं. मग उठवून बसवलं. झालं. एवढंच!

म्हणे कानाच्या आत, लय आत, बारीक बारीक कण असतात. त्यांच्या जाग्यावर असले तं तोल सांभाळतात. जागा सोडून बाजूच्या नळीत गेले की डोकं हालवलं की ते हालतात, अन् डोक्याले वाटते सगळी दुनिया फिरून राह्यली. हे असं पाडून-वळवून ते परत जाग्यावर नेता येतात. गोळीनं मळमळ थांबते, कण नाही सरकत.

मी इचारलं, "मणक्यात गॅप हाय त्याचं?"

"या वयात फोटो काढला तर बहुतेकांच्या मणक्यात काही ना काही निघतंच. तुमची चक्कर त्याची नाही."

"मग कशानं सुटले ते कण?"

"कधी डोक्याला मार लागून, कधी वयानं. पुष्कळदा कारण सापडतच नाही."

मग जे इचाराचं होतं ते इचारलं. "फिट हाय काय?"

"नाही. फिट नाही. फिटशी याचा काही संबंध नाही."

मी रडली. मी! परक्या पोरीसमोर, नाक गळेपर्यंत. म्हटलं, "लिहून दे बाई. मराठीत लिहून दे, फिट नाही म्हणून." तिनं लिहून दिलं. खाली सही.

निघताना म्हणे, परत होऊ शकते. झालं तं या, पाच मिनिटांचं काम आहे. अन् मान आखडून बसू नका, हालवा.

पाच मिनिटांचं काम!

येताना बसमध्ये पूनमचा बाप म्हणे, "तुह्या डोक्यात खडे हायेत हे मले लग्नापासून माहीत होतं." मी खिडकीकडं तोंड करून बसली. मले हसू नाही आलं. पाच मिनिटांचं काम होतं, अन् मी त्याच्यापायी पोरीले म्हटलं कापूस हाय.

२५ जानेवारी

आडवी झोपली! उशी घेऊन. उजव्या कुशीवर वळली — थोडं हाललं, पाण्यातल्या सावलीसारखं. मग तेही नाही.

सोजराबाईले कोणी तरी सांगतलं कानात खडे निघाले. लसूण जाळून गरम तेल घेऊन आली. म्हणे कानात ओतते, खडे इरघळतीन. मी म्हटलं, "ते तेल तुह्याच कानात टाक, म्हणजे कमी ऐकू येईन अन् कमी बोलशीन." बडबडत गेली.

३० जानेवारी

पौष संपला. काल खामगावले परत जाऊन आली, डॉक्टरणीनं परत एकदा पाडून पाह्यलं. काहीच नाही फिरलं.

आज पूनमले फोन लावला. राजकुमारनं, जावयानं उचलला.

"मामी, नववा लागला आता. इथली डॉक्टर म्हणते प्रवास नको."

"तिले दे ना फोन."

तिकडं कुजबुज झाली. मग — "झोपली ती."

दुपारचे बारा वाजता? पूनम? जन्मात दुपारची झोपली नाही ती पोट्टी.

६ फेब्रुवारी

आज तिनं उचलला. मी म्हटलं, "मीच येते तिकडं, बाळंतपणाले. हाताखाली राहीन."

"तुले वावरातली कामं हायेत ना?"

"झाली."

"मग आराम कर."

असं बोलाले मीच शिकवलं तिले. माझीच जीभ आहे तिच्या तोंडात.

बरी झाली, पण कायले? आता वाकता येते, वर पाहाता येते, वळता येते. चार घरचे लेकरं न्हाऊ घालीन मी आता. ज्याच्यासाठी पाह्यजे होतं ते सोडून.

सांगून टाकाव वाटते. मग मनकर्णाबाईची ती गोष्ट आठवते. डॉक्टरणीचा कागद कोण वाचते? फिट नाही असं सांगाले गेलं की लोक फिट तेवढंच ऐकतात.

१७ फेब्रुवारी

मुलगी झाली. राजकुमारचा फोन. दोघी बऱ्या आहेत.

कळा तिले आल्या, अन् मी इथं तूर पाखडून राह्यली होती.

१९ फेब्रुवारी

जळगाव जामोद. कोणी बोलावलं नाही, आलो आम्ही. डिंकाचे लाडू आणले, बाळंतिणीचा शेपा, बाळाची टोपडी.

पूनम खाटेवर. किती वाळली! माझ्याकडं एकदा पाह्यलं, मग बापाकडं पाहून हासली. मी जवळ गेली तं लेकराले पाजाले भिंतीकडं वळली.

मले चहा दिला. कपबशीत. ट्रेमध्ये. मी या घरची पाहुणी! माझ्या पोरीच्या बाळंतपणात मी पाहुणी!

आंघोळ मनकर्णाबाई घालते. मी दारात उभी राहून पाह्यलं. हात चांगला आहे तिचा, खोटं काऊन बोलू. जोरानं रगडत नाही. पोरगी टाहो फोडून राह्यली होती अन् पूनम आतून ओरडे, "सासूबाई, हळू!" मले नाही म्हटलं जा म्हणून, तिले पाह्य म्हणून. एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं.

२२ फेब्रुवारी

पाचवी झाली. बाया जमल्या होत्या. मनकर्णाबाई सगळ्याईसमोर म्हणे, "या आमच्या विहीनबाई. वावरातून सवड काढून आल्या बाप्पा!" हासल्या. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. पिशवीत कागद होता. नाही काढला. पूनमचा बाप उठून बाहेर गेला.

पूनम मान खाली घालून. ती नाही हासली.

परवाच्या बसनं परत जातो आम्ही. इथं बसून कोणाचं भलं करून राह्यली मी. घरी गेली का ही वही चुलीत टाकीन.

२४ फेब्रुवारी

मनकर्णाबाई सकाळीच नवस फेडाले देवळात गेल्या. पाणी तापलेलं होतं. मी पिशवी भरत होती. पूनमनं मले न्हाणीकडं बोट दाखवलं. बसली. तिनं पोरगी माझ्या पायावर उपडी ठेवली. एवढीशी पाठ! पाणी टाकलं, पाठ धुतली, मानेखालचं पुसाले वाकली — अन् आलं. भिंत फिरली. मी दोन्ही हातानं पोरीले पायावर दाबून धरलं, अन् तोंडातून निघून गेलं, "पूनम, धर! मले फिरते! दिवाळीपासून फिरते मले!"

तिनं लेकरू उचललं. दुसऱ्या हातानं माझा खांदा भिंतीले टेकवला.

"ठाव हाय मले. चक्कीवर पडली त्याच दिवशी बाबानं फोन केला."

फिरणं थांबलं. मग म्हटलं, "मग इतके दिवस काऊन नाही बोलली वं?"

"तू काऊन नाही बोलली?"